ठरलं देवळात, निस्तरलं चुलीपाशी

आमच्या ओळखीत दोन जावा आहेत. थोरली कोकणात गावी राहते, धाकटी विरारला. एकत्र आल्या की हसतात, बोलतात, गणपतीत एकाच परातीत उकड मळतात. पण २०२० सालच्या मे महिन्याचा विषय निघाला, की दोघींच्या तोंडाला कुलूप लागतं. एक पाणी आणायला म्हणून उठते, दुसरी उगाचच पदर सारखा करत बसते.

त्या मे महिन्यात धाकटी, तिचा नवरा आणि दोन मुलं गावी आली. नवऱ्याचं काम बंद, चाळीतल्या एका खोलीत चार माणसं, मजल्यावर सामायिक संडास आणि खालच्या मजल्यावर पेशंट सापडलेला. हातापाया पडून पास मिळवला, मिळेल त्या भाड्याने गाडी केली आणि निघाले. गावच्या तिठ्यावर आले, तर रस्त्यात बांबू आडवा! तिथून घरी न सोडता त्यांना थेट शाळेत नेलं. चौदा दिवस. ज्या ग्राम कृती दलाने हे ठरवलं, त्यात थोरलीचा नवरा, म्हणजे धाकटीचा सख्खा मोठा दीरच होता.

चौदा दिवस, दोन्ही वेळचा डबा थोरलीने पोचवला. घरापासून शाळा चांगली लांब, वाट चढाची आणि वर मे महिन्याचं ऊन. डब्यात भाकरी, कुळथाची पिठी, मुलांसाठी एखादा आंबा. शाळेच्या गडग्यावर ती डबा ठेवायची आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहायची. मग धाकटी बाहेर येऊन डबा उचलायची.

आज विचाराल तर थोरलीला आठवतात त्या अठ्ठावीस खेपा. धाकटीला आठवतात ती दहा पावलं.

मैत्रिणींनो, ही एका घरची गोष्ट असली तरी त्या वर्षी ती कोकणातल्या घराघरात घडली. कुठे जावांमध्ये, कुठे सासू-सुनांमध्ये, कुठे शेजारणी-शेजारणींमध्ये. करोना ओसरला, मास्क गेले, शाळेच्या भिंतीवरच्या सूचना पावसाने धुऊन गेल्या. मनातलं मात्र धुतलं गेलं नाही. आता काही वर्षं मध्ये गेली आहेत, राग थोडा निवला आहे. म्हणूनच त्याबद्दल बोलायला ही वेळ बरी, असं वाटतं.

दोन्हीकडचं खरं

आधी थोडी उजळणी करू या. २३ मार्च २०२० ला राज्यात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, २५ तारखेपासून देशभर लॉकडाऊन लागला. मुंबई-ठाण्यात अडकलेला कोकणी माणूस तिथेच राहिला. काहींनी रेल्वेच्या रुळांवरून, काहींनी महामार्गाच्या कडेने चालत गाव गाठायचा प्रयत्न केला. मे महिन्यात पास मिळू लागले आणि चाकरमानी हजारोंच्या संख्येने गावाकडे निघाले.

एरवी त्यांच्यासाठी ‘येवा, कोकण आपलाच आसा’ असं म्हणणाऱ्या गावांनी त्या वर्षी रस्त्यावर दगड रचले, झाडं पाडून टाकली, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ अशा पाट्या लावल्या. मग मोबाइलवर भांडणं सुरू झाली. मुंबईचे म्हणायचे, “आमच्या मनिऑर्डरींवर गाव जगलं. देवळाचा सभामंडप आमच्या वर्गणीतून झाला. आणि आता आम्हीच बाहेरचे?” गावचे म्हणायचे, “वर्षभर घर, देव, म्हातारी माणसं आम्ही सांभाळायची. तुम्ही सणाला येणार आणि येताना आजार घेऊन येणार?”

खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात खोटं काही नव्हतं.

गावाला भीती वाटली ती उगाच नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. सुरुवातीच्या काळात घशातल्या स्रावाचे नमुने तपासायलाही जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत, आणि अहवाल येईपर्यंत माणूस आणि त्याचं घर टांगणीला. गावात राहणारं कोण? बहुतेक घरात साठी-सत्तरीची दोन माणसं. त्यांना दमा, बीपी, साखर. अशा ठिकाणी एक माणूस आजारी पडला, तर त्याला न्यायला गाडी मिळेल का, ऑक्सिजनची खाट मिळेल का, हा हिशेब गावातल्या प्रत्येकीने मनाशी केला होता.

आणि शहरातल्या माणसाचंही काही चुकलं नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत अंतर कसं राखायचं? नळ सामायिक, जिना सामायिक. पगार थांबलेला, भाडं मात्र चालू. संकटात माणसाला आपलं घर आठवतं. ज्याचं नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे, ज्याचा देव तिथल्या देव्हाऱ्यात आहे, त्याने दुसरीकडे कुठे जायचं?

हे काही पहिल्यांदा घडलं नाही

आपल्याकडे हे आधीही घडून गेलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला आणि त्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. बोटीने, रेल्वेने, बैलगाडीने लोक आपापल्या गावी पोचले आणि पुढे साथही गावोगाव पोचली. प्रवाशांची तपासणी, त्यांना वेगळं ठेवणं, घरांच्या झडत्या हे सगळं तेव्हाही झालं. १८९७ मध्ये इंग्रजांनी साथरोगांचा कायदा केला. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्य सरकारने लागू केला तो हाच कायदा!

त्याच प्लेगमध्ये १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. मुलगा यशवंत याने हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून तिथे आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी हे वाचलं आहे.

पण प्रत्येकीला सावित्रीबाई होता येत नाही, आणि तशी सक्ती कुणावर करूही नये. डबा ठेवून दहा पावलं मागे सरणारी थोरली जाऊ चुकली नव्हती. तिच्या घरात ऐंशीला टेकलेल्या सासूबाई होत्या. डॉक्टर, सरकार, टीव्ही सगळे तेव्हा अंतर ठेवा असंच सांगत होते. तिने अंतरही ठेवलं आणि जेवणही पोचवलं. तिच्याकडून याहून जास्त काय मागणार?

मग चुकलं कुठे?

बैठकीत कोण आणि कामाला कोण?

गावागावांतल्या त्या बैठका आठवून बघा. देवळाच्या सभामंडपात किंवा ग्रामपंचायतीच्या पायरीवर भरलेल्या. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, गावचे मानकरी आणि चार तरुण कार्यकर्ते. राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळे कागदावर बायका होत्याच. काही गावांत सरपंचच बाई होती आणि तिने खमकेपणाने गाव सांभाळलं, हेही सांगायला हवं. पण बऱ्याच ठिकाणी ठरवणारे आवाज पुरुषांचेच होते.

ठराव झाला, की येणाऱ्यांना शाळेत ठेवायचं. छान! पण त्यांचं जेवण कोण करणार? शाळेची झाडलोट कोण करणार? संडासात पाणी कोण भरणार? तिथे पाळी आलेल्या मुलीने काय करायचं? अंगावर पिणारं बाळ घेऊन आलेल्या बाईने चार अनोळखी कुटुंबांबरोबर एका वर्गखोलीत कसं राहायचं? शाळेच्या संडासाला धड कडी नसते, हे ठराव लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. गावातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं.

आणि वही हातात घेऊन दारोदार कोण फिरलं? आशाताई आणि अंगणवाडीसेविका. कोण आलं, कुठून आलं, कधी आलं, ताप आहे का, खोकला आहे का. हातावर शिक्का असलेला माणूस अंगणातच बसून आहे की तळीवर भटकतो आहे, हेही तिनेच बघायचं. यादीत नाव घातलं तर मुंबईकर चिडणार, “आमचंच नाव कसं दिलंस गं?” नाही घातलं तर गाव चिडणार, “तुझा चुलतभाऊ म्हणून लपवलंस ना?” तिला राहायचं होतं ते त्याच गावात, त्याच वाडीत.

राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. त्यांना पगार नसतो, मानधन आणि कामागणिक मोबदला असतो. करोनाच्या कामासाठी केंद्राने त्यांना जादा किती दिले? महिन्याला हजार रुपये. दिवसाचे तेहतीस-चौतीस रुपये झाले हे! एका नारळाची किंमत बघा आणि तुम्हीच ठरवा. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना अखेर संपावर जावं लागलं, तेव्हा कुठे मानधनात थोडी वाढ झाली. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आनंदच झाला. पण गौरवाच्या बातमीने घरातला गॅस सिलिंडर भरत नाही.

सांगायचा मुद्दा हा, की शहर आणि गाव यांच्यातला तो तणाव पुरुषांच्या भांडणांमुळे बातम्यांत आला, पण तो प्रत्यक्ष झेलला बायकांनी. नियम करताना ज्यांना विचारलं नाही, त्यांनाच तो पाळून घ्यावा लागला, आणि मग शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. दोन जावांमध्ये जी गाठ बसली, ती त्यांनी स्वतः मारलीच नव्हती!

त्या वर्षीचा गणपती

ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. गणपती २२ ऑगस्टला होते. गावं म्हणत होती विलगीकरण चौदा दिवसांचंच हवं, मुंबईकर म्हणत होते एवढी रजा आणायची कुठून? शेवटी सरकारने दहा दिवस ठरवले. १२ ऑगस्टपर्यंत या, नंतर येणार असाल तर आधी चाचणी करून या. एसटीने येणाऱ्याला ई-पास लागणार नाही, खासगी गाडीने येणाऱ्याला लागेल. गावागावांत यावरून पुन्हा बैठका आणि पुन्हा वाद.

एरवी श्रावण लागला, की गावातल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारतात, “झील येतलो काय गो?” मुलगा येणार का, हा कोकणातला वर्षातला सगळ्यात गोड प्रश्न. त्या वर्षी हाच प्रश्न चौकशीसारखा वाटायला लागला. ‘येणार’ म्हणावं तर शेजारीण आत जाऊन दार लावून घेईल. ‘येणार नाही’ म्हणावं तर आपल्याच जिवाला घोर. कितीतरी आयांनी पोटच्या मुलाला फोनवर सांगितलं, “बाबा, यंदा नको येऊस.” फोन ठेवल्यावर त्या किती वेळ तशाच बसून राहिल्या असतील, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

फुगड्या झाल्या नाहीत. भजनाच्या बाऱ्या घरोघर फिरल्या नाहीत. नव्या नवरीचा ओवसा कुणी घरच्या घरी उरकला, कुणी पुढच्या वर्षावर टाकला. आणि गावच्या सुनेने एकटीने पाच-सहा घरांच्या वाटणीचं काम केलं. सारवण, भांडी, नैवेद्य, आरत्या. वर मोबाइल धरून मुंबईच्या सगळ्यांना दर्शनही तिनेच दाखवलं!

घरी येणारा आणि फिरायला येणारा

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलू या, थोडी बोचली तरी.

गावात येणारे सगळे सारखे नव्हते. एक घरी येणारा होता, दुसरा फिरायला येणारा. एप्रिल २०२० मध्ये सगळं राज्य कडीकुलपात असताना, एका बड्या उद्योजक कुटुंबातले आणि त्यांच्या नोकरमाणसांसह तेवीस जण एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचले. बोभाटा झाला, गुन्हा नोंदवला गेला, मग त्यांना पाचगणीत विलगीकरणात ठेवलं. महिनाभरात, ८ मे २०२० ला, औरंगाबादजवळ करमाडच्या रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. तेही आपापल्या गावीच निघाले होते. त्यांच्याकडे कुणाचं पत्र नव्हतं.

परदेशातही हेच चाललं होतं. ब्रिटनमध्ये वेल्सच्या स्नोडोनिया डोंगरात २१-२२ मार्च २०२० च्या शनिवार-रविवारी एवढी झुंबड उडाली, की तिथले लोक हवालदिल झाले आणि लगोलग वाटा बंद कराव्या लागल्या. फ्रान्समध्ये टाळेबंदी लागताना पॅरिस आणि आसपासचे लाखो लोक गावाकडच्या घरांत जाऊन राहिले. आणि आपल्याकडे दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच जुलै २०२१ मध्ये मनाली-सिमल्यात एवढी गर्दी झाली, की पंतप्रधानांनाही त्याबद्दल बोलावं लागलं. शहरातल्या माणसाला मोकळी हवा हवी असते, हे समजतं. पण त्या मोकळ्या हवेत आधीपासून कुणी राहतं आहे, हे तो विसरतो.

तरी दोष एकट्या त्याला देऊन चालणार नाही. किनाऱ्यावर घरगुती खोल्या आणि खानावळ चालवणाऱ्या एका ताईंशी मध्यंतरी बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “त्या वर्षी मे महिना कोरडा गेला. बचत गटाच्या कर्जाचे हप्ते डोक्यावर. डिसेंबरमध्ये फोन यायला लागले. या म्हणावं तर घरात आजारी सासरे. नको म्हणावं तर हप्ता कसा भरू? शेवटी या म्हटलं. सासऱ्यांना माळ्यावरच्या खोलीत हलवलं आणि रोज रात्री देवाला हात जोडले.” गिऱ्हाईक मास्क लावत नव्हतं, तरी त्या हसून सुरमई वाढत होत्या. या बाईला कुणी काय म्हणून नावं ठेवायची?

पण गावांनाही एक प्रश्न विचारायला हवा. ज्याचं मोडकं का होईना, गावात घर आहे, त्याला चौदा दिवस शाळेत ठेवलं. आणि ज्याचा डोंगरउतारावर बंगला आहे, जो मोठ्या गाडीतून रात्रीचा आला, त्याच्या गेटशी वही घेऊन कोण गेलं? बऱ्याच ठिकाणी कुणीच नाही. तो किराण्याचं मोठं बिल करतो, माळ्याला पगार देतो, वर ओळखी बाळगून असतो. म्हणजे नियम कडक होता तो आपल्याच गरीब माणसाला. हे चुकलं, आणि हे मान्य करायला हवं.

जे आपण विसरतो

हे सगळं आठवताना आणखी दोन दिवस आठवावेत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मुंबईकरांची बंद घरं उघडी पडली, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधी आपलं आणि मग त्यांचं छप्पर ताडपत्रीने झाकलं. महिनाभरापूर्वी याच माणसांची रस्त्यावर भांडणं झाली होती!

आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत, घरात, दवाखान्यात शिरलं. पाणी ओसरल्यावर मुंबई-पुण्याहून, कोल्हापूर-साताऱ्याकडून मुलं-मुली टेम्पो भरून आली. पिण्याचं पाणी, चादरी, साड्या, भांडी. खराटे आणि फावडी घेऊन त्यांनी दुकानादुकानातला चिखल काढला. करोना तेव्हाही होताच. पण त्या दिवशी कुणी कुणाला ‘बाहेरचे’ म्हटलं नाही.

म्हणजे शहर आणि गाव एकमेकांचे वैरी नाहीत. भीतीच्या वेळी काय करायचं, हे आधी ठरलेलं नव्हतं, म्हणून ती वेळ आली.

पुढच्या वेळेसाठी

साथ पुन्हा येणार नाही, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वादळं आणि पूर तर येतच राहतात. मग आताच, शांतपणी, आपल्या गावच्या महिला ग्रामसभेत काही गोष्टी बोलून घ्यायला काय हरकत आहे?

पहिली गोष्ट म्हणजे अशी समिती होईल, तेव्हा तिच्यात आशाताई, अंगणवाडीसेविका आणि बचत गटाच्या बायका सहीपुरत्या नव्हे, ठरवायला बसलेल्या हव्यात. डबा कोण करणार हे ठरल्याशिवाय शाळेत माणसं ठेवायचा ठराव करायचा नाही, एवढं एक जरी त्यांनी लावून धरलं, तरी निम्मे प्रश्न सुटतील. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचं माणूस, आणि तिथलीही एखादी बाई, फोनवरून बैठकीत घ्यावी. आपल्याबद्दल काय ठरतंय हे आधी कळलं, की तिठ्यावर भांडण होत नाही.

दुसरी गोष्ट, गावातली एक इमारत नीट असावी. पाणी, दिवे, आतून कडी लागणारे बायकांसाठी वेगळे संडास. शाळेतच हे झालं तर दुधात साखर, एरवी मुलींना उपयोग होईल आणि अडीअडचणीला गावाला.

तिसरी, नियम एकच. चाळीतून आलेल्याला आणि बंगल्यावर आलेल्याला सारखाच. फिरायला येणाऱ्याने तर अशा वेळी थांबायलाच हवं. डोंगर आणि समुद्र कुठे पळून जात नाहीत.

आणि शहरात राहणाऱ्या आपल्या बहिणींना एक सांगणं. येण्याआधी फोन करा, पण तो फक्त दिराला किंवा भावाला नको. ज्या चुलीवर तुमचा भात शिजणार आहे, त्या चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला विचारा, “वहिनी, येऊ का? तुम्हाला जमेल का?” एवढं विचारल्याने मान कमी होत नाही, वाढतो. आणि गावातल्या बहिणींना सांगणं एवढंच, की तिठ्यावर थकूनभागून उतरलेल्या माणसाला ‘कुठून आलात’ हे विचारावंच लागेल, पण त्याआधी ‘जेवलात का’ हे विचारावं. दहा पावलांवरूनही ते विचारता येतं.

त्या दोन जावांचं पुढे काय झालं, सांगते. गेल्या गणपतीत मोदक वळता वळता धाकटी एकदम म्हणाली, “वहिनी, तेव्हा रोज दोनदा चालत यायचात ना हो शाळेपर्यंत?”

थोरली मान वर न करता म्हणाली, “मग काय उडत यायचे?”

मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग दोघीही हसल्या. थोरली हळूच म्हणाली, “मागे सरून उभी राहायचे ना, तेव्हा तुझ्या धाकट्याकडे बघवायचं नाही गं मला. हाक मारायचा तो.”

धाकटीला हे ठाऊकच नव्हतं. कसं असणार? कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्याही घरात त्या वर्षीची अशी एखादी गाठ असेल. या गणपतीत, मोदक वळताना, विचारून तर बघा.